उपाशीपोटीची साखर

आई आणि मामा जुळे. आई काही मिनिटांनी मोठी, आणि ती काही मिनिटं तिने आयुष्यभर पुरवून पुरवून वापरली. मामाने तिला ताई म्हणायचं, दुकानाच्या किल्ल्या तिच्याकडे राहणार, वाद झाला की शेवटचं वाक्य तिचं. मामा ताई म्हणायचाही, पण असा काही सूर लावून की ऐकणाऱ्याला हसू यावं.

दोघांचं जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देण्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. घरात आम्ही तिघं: आई, मामा आणि मी. बाबा मी शाळेत असतानाच गेले. मामाने लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कोणी विचारलं की तो आईकडे हनुवटीने खूण करून म्हणतो, "हिलाच पुरा पडता पडता नाकी नऊ आले." खुर्चीचा सांगाडा, स्प्रिंगा, पट्टे, स्पंज हे मामाचं काम, कापड बेतणं आणि शिवणं आईचं. दिवसभर एकीकडे हातोडी, एकीकडे मशीन, आणि त्या दोन आवाजांच्या वर दोघांची बोलाचाली. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, आज यांचं काहीतरी बिनसलंय. जुनी गिऱ्हाइकं खुर्ची ओढून ऐकत बसतात.

मी एका प्रयोगशाळेत यकृताच्या पेशींवर काम करते. बायकांच्या आणि पुरुषांच्या हार्मोन्समुळे त्या पेशींचं इन्शुलिनशी वागणं कसं बदलतं, ते बघायचं. आईला हे वाक्य तोंडपाठ आहे, कारण गिऱ्हाइकांना सांगायला लागतं. त्याचा अर्थ काय, हे मात्र तिने कधी विचारलं नव्हतं. मीही जेवताना लिव्हरचा विषय काढत नसे.

मामाला डायबेटिस होऊन दहाएक वर्षं झाली. तेव्हापासून आई त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवत होती. जॅमची बाटली तिने वरच्या फळीवर ठेवली, तर मामाने स्टूल आणलं. बिस्किटांचा डबा शिवणाच्या मशीनखाली गेला, तर मामाला वरचेवर मशीनला तेल घालायची आठवण होऊ लागली. दिवसा तो काय काय करतो हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तोही ते नाकारत नसे. भांडण व्हायचं ते सकाळच्या साखरेवरून. मामा उठल्या उठल्या, काही तोंडात टाकायच्या आधी, बोट टोचून साखर बघायचा, आणि कितीतरी वेळा ती झोपतानाच्या साखरेपेक्षा जास्त निघायची.

"रात्री उठून काय खाल्लंस?" आई विचारायची.

"काही नाही."

"मग ही काय हवेतून आली?"

"मला काय माहीत? मी झोपलो होतो."

आईचा युक्तिवाद ठरलेला होता. एका पोटातून आलो, एका टेबलावर जेवलो, एका दुकानात राबलो. मला नाही आणि याला आहे, म्हणजे दोष जिभेचा. यावर मामा खाली जाऊन हातोडी उचलायचा. मी एक-दोनदा सांगून पाहिलं की न खातासुद्धा साखर वाढू शकते, तर आई म्हणाली, "भाची मामाचीच बाजू घेणार." शेवटी तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या मुठीला एक छोटी घंटी बांधली. रात्री कपाट उघडलं तर वाजावी म्हणून. ती रात्री कधीच वाजली नाही. आईने निष्कर्ष काढला की तो घंटी हातात धरून कपाट उघडतो.

आईची पाळी जाऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. त्या काळात तिला अंगातून वाफा निघाल्यासारखं व्हायचं आणि ती कडाक्याच्या थंडीत दुकानाचं दार सताड उघडून उभी राहायची. आत गिऱ्हाइकं कोटाच्या बाह्या ओढून कुडकुडत बसायची. ते दिवस सरले, दार बंद झालं, आणि आईला वाटलं प्रकरण संपलं.

मग तिची दाढ काढायची ठरली. दातांच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासून आणायला सांगितलं. रिपोर्ट घेऊन आई घरी आली ती थेट माझ्या खोलीत, दार लावून.

"त्यांनी नळ्यांची अदलाबदल केलीय," ती म्हणाली.

उपाशीपोटी एकशे अडतीस. मी म्हटलं, पुन्हा तपासून घेऊ. पुन्हा तपासलं. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणीही केली. नळ्यांची अदलाबदल झालेली नव्हती.

"तुझ्या मामाला कळता कामा नये," एवढंच आई म्हणाली.

तिने साखर मोजायचं स्वतःचं वेगळं मशीन आणलं आणि बटणांच्या डब्यात लपवलं. दुसऱ्या दिवसापासून तिने साखर बंद केली, जॅम बंद केला, पाव अर्धा केला. आकडा हलेना. एका रात्री "पोट जड झालंय" असं सांगून ती जेवलीच नाही. सकाळी मी चहा करायला आले तर ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी, एका हातात मशीन, दुसऱ्या हाताच्या बोटावर कापूस.

"काल मी नुसतं पाणी प्यायले," ती हळू आवाजात म्हणाली. "एक घास घेतला नाही. आणि आज कालच्यापेक्षा जास्त. बघ. एकशे बेचाळीस. हे मशीन बिघडलंय."

"मशीन बरोबर आहे, आई."

"मग ही साखर खाल्ली कोणी?"

"कोणी खाल्ली नाही. तू बनवलीस."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला चोर म्हटलं होतं.

मी तिला बसवलं. म्हटलं, तू झोपतेस, पण तुझा मेंदू झोपत नाही, त्याला रात्रभर साखर लागते. ती पुरवायचं काम लिव्हरचं. साठवलेली साखर ते थोडी थोडी सोडतं आणि जोडीला नवी बनवतंही. रक्तात पुरेशी साखर झाली की इन्शुलिन त्याला सांगतं, बस झालं. लिव्हरने ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर ते आपलं बनवतच राहतं, तू जेवलीस काय आणि उपाशी राहिलीस काय.

"माझं ऐकत नाही?"

"आता कमी ऐकतं. आधी चांगलं ऐकायचं, कारण अंगात इस्ट्रोजेन भरपूर होतं. ते असलं की लिव्हरच्या पेशी इन्शुलिनचं म्हणणं नीट मनावर घेतात. पाळी गेली, इस्ट्रोजेन खूपच कमी झालं, आणि त्या जरा बेफिकीर झाल्या. सगळ्याच बायकांचं असं होतं असं नाही. पण पुष्कळ जणींचं होतं."

"आणि धाकट्याचं?"

"पुरुषांच्या अंगात ते तेवढं नसतंच मुळी. म्हणून बऱ्याचदा त्यांचा नंबर आपल्याआधी लागतो. वय असतं, पोटावरची चरबी असते, घराण्यात असतं, झोप असते, ते सगळं आहेच. पण तुम्हा दोघांत इतकी वर्षं जो फरक होता, त्यात याचा वाटा असणार."

चहा उकळून भांड्याच्या काठापर्यंत आला होता. मी गॅस बंद केला. आई टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती, कापडाची कड तपासावी तसं.

"म्हणजे मी जिभेवर ताबा ठेवला म्हणून नव्हे."

"थोडं त्यामुळेही."

"माझी समजूत काढू नकोस."

"थोडंच," मी म्हटलं.

मग तिचं बोट थांबलं. तिने मान वर केली, आणि कपाटाकडे पाहिलं.

"मग तो रात्री उठून..."

"नाही खात, आई. कधीच नव्हता खात."

आई उठली. कपाटाच्या मुठीची गाठ इतक्या वर्षांत घट्ट बसली होती, सुटेना. तिने कात्री घेतली, दोरी कापली, आणि घंटी दोरीच्या टोकाला धरून जिना उतरू लागली. जिना उतरताना घंटी वाजत होती. मी चहा तसाच टाकून तिच्या मागे गेले, कारण हे चुकवण्यासारखं नव्हतं.

दुकानात मामा एका आरामखुर्चीच्या पाठीला कापड ठोकत होता. तोंडात ओठांमध्ये खिळे धरलेले. कोपऱ्यात आमचं जुनं गिऱ्हाईक, एक निवृत्त शिक्षिका, त्यांची खुर्ची तयार व्हायची वाट पाहत बसल्या होत्या. म्हणजे खुर्ची परवा मिळणार होती, पण त्या आजपासूनच आल्या होत्या. आईने घंटी मामाच्या पुढ्यात ठेवली.

"रात्री तू काही खात नव्हतास," ती म्हणाली.

मामाला बोलायचं होतं, पण तोंडात खिळे. त्याने ते एक एक करून काढले, डबीत टाकले, डबीचं झाकण लावलं.

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस तू."

"हातोडीने कान बधिर झालेत. परत म्हण."

"तू रात्री उठून खात नव्हतास. साखर तुझं लिव्हरच बनवत होतं. मी उगाच तुझ्यावर आळ घेतला."

"बाई, तुम्हाला ऐकू आलं का?" मामाने शिक्षिकांना विचारलं.

"स्पष्ट," त्या म्हणाल्या.

मामाचा चेहरा असा उजळला की काय सांगू. पण त्याने पुढचं काही बोलायच्या आत आई म्हणाली, "आणि मलाही झालाय."

मामाचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याने हातोडी खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि तो तिच्याजवळ आला.

"किती?"

तिने सांगितलं.

"उपाशीपोटी?"

"हो."

"मग काय एवढं. माझी पहिली याच्या दीडपट होती. आठवत नाही? तूच तर डॉक्टरांशी भांडली होतीस." त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरलीस का?"

"नाही," आई म्हणाली, आणि मग, "थोडी."

आणि मग काय झालं कोण जाणे, आधी आईच्याच तोंडून हसू फुटलं. कपाटाला बांधली घंटी, ती म्हणाली, पण माणसाच्या लिव्हरला कशी बांधायची. मामाने खुर्चीच्या हातावर बूड टेकलं आणि तो डोळे पुसत हसत सुटला. शिक्षिकांची हसून हसून मुरकुंडी वळली, त्यांना अर्धीच गोष्ट माहीत असूनही.

"एक गोष्ट लक्षात आली का तुझ्या?" श्वास परत आल्यावर मामा म्हणाला. "या बाबतीत मी मोठा. चांगला दहा वर्षांनी."

"धाकट्या, जास्त बोलू नकोस."

"दादा म्हण."

आईने म्हटलं नाही. पण त्याने शिकवलेलं सगळं तिने मुकाट्याने शिकून घेतलं. बोटाच्या टोकाला टोचायचं नाही, बाजूला टोचायचं, शिवणाऱ्या बाईला बोटाचं टोक लागतं. आधी हात कोमट पाण्याने धुवायचे. एका आकड्याने घाबरायचं नाही, चार दिवसांचे बघायचे. मामाला आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या बहिणीला काही शिकवायला मिळालं होतं आणि तो शाळा उघडल्यासारखा वागत होता.

डॉक्टरीणबाई मामाच्याच. आईने त्यांना विचारलं की मग ते हार्मोनच बाहेरून का देत नाही. त्या म्हणाल्या, "नुसत्या साखरेसाठी ते देत नाहीत. पाळी जाताना कोणाला फार त्रास झाला तर देतात, तेही माणूस बघून, धोके तोलून. तुम्हाला मी एक गोळी देते, आणि जेवणानंतर चालायला सांगते. चाललं की स्नायू साखर ओढून घेतात. त्यासाठी त्यांना इन्शुलिनचीही शिफारस लागत नाही."

मामाला मात्र पुरावा हवा होता. "मला ते लिव्हर बघायचंय," तो म्हणाला. "ज्याने माझी दहा वर्षं बदनामी केली."

दुकान बंद असलेल्या दिवशी मी दोघांना प्रयोगशाळेत नेलं. बुटांवर कागदी पिशव्या चढवल्या, पांढरे कोट दिले. आईचा कोट तिला मोठा झाला, तर तिने तिथल्या तिथे बाह्यांना दोन घड्या घालून तो नीट बसवला. मामा आत शिरल्यावर सर्वांत आधी माझ्या स्टुलापाशी वाकला. रेक्झिन फाटून आतला स्पंज बाहेर आला होता. "यावर बसून तू शास्त्र करतेस?" तो म्हणाला, आणि त्याला पुढे ओढत न्यावं लागलं.

मी उबदार कपाटातून एक बशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. या पेशी, मी सांगितलं, कोणीतरी मेल्यानंतर दान केलेल्या यकृतातल्या आहेत. ते यकृत दुसऱ्या माणसाला बसवण्यासारखं नव्हतं म्हणून आमच्याकडे आलं. दोघंही एकदम गंभीर झाले. मामाने नकळत कोटाची बटणं लावली.

आधी आईने डोळा लावला.

"फरशी बसवल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली. "कोनाला कोन लावून. कडा चमकतात. आणि मध्ये गोल ठिपका."

"ते केंद्रक."

"काहींत दोन आहेत."

"लिव्हरच्या पेशींत असतात कधी कधी दोन."

"एका खोलीत दोघं," आई म्हणाली. "भांडत असतील."

मामाने तिला बाजूला सारून डोळा लावला आणि त्यालाही सगळ्यात आधी दोन ठिपक्यांच्याच पेशी दिसल्या. खुर्च्यांच्या सांगाड्यांना रंग-पॉलिश तोच करतो, म्हणून त्याचा पुढचा प्रश्न मला अपेक्षित होता. पलीकडच्या बशांतलं पाणी लालसर आणि या बशांतलं बिनरंगी, असं का? मी सांगितलं की पेशींच्या खाद्यात एक लाल रंग घालायची पद्धत आहे, पण तो रंग स्वतःच थोडासा इस्ट्रोजेनसारखा वागतो. आमच्या कामात तो चालत नाही, म्हणून बिनरंगी घेतो.

"रंगसुद्धा बायकांच्या बाजूचा," मामा म्हणाला.

मग मी त्यांना मोजमाप दाखवलं. या पेशींना साखर अजिबात द्यायची नाही, साखर बनवायचा कच्चा माल द्यायचा, आणि काही तासांनी पाण्यात किती साखर आली ते बघायचं. एका रांगेत वरून काहीच घातलेलं नाही, तिथे साखर सर्वांत जास्त. दुसऱ्या रांगेत नुसतं इन्शुलिन, तिथे साखर कमी. तिसऱ्या रांगेत इन्शुलिन आणि इस्ट्रोजेन दोन्ही, तिथे आणखी थोडी कमी. पडद्यावरचे तीन खांब पाहून आईने तिसऱ्या खांबावर बोट ठेवलं.

"ही मी. दोन वर्षांपूर्वीची."

"साधारण," मी म्हटलं. "माणूस बशीपेक्षा खूप गुंतागुंतीचा असतो."

"आणि आमचं पुरुषांचं जे हार्मोन असतं," मामाने विचारलं, "ते काय करतं? नुसतं बसून?"

"नाही रे. पुरुषात ते कमी पडलं की साखरेचा त्रास वाढतो. आणि बाईत ते जास्त झालं तर तिचा त्रास वाढतो."

मामाने विचार केला. "म्हणजे माप बरोबर हवं. स्पंजासारखं. कमी भरला तर खुर्ची बसते, जास्त भरला तर माणूस घसरतो."

मी म्हटलं, माझ्या प्रबंधात हे इतकं सोपं करून लिहिता आलं असतं तर दोन वर्षं वाचली असती. यावर तो इतका खूश झाला की परतताना रस्त्याने तीन अनोळखी माणसांना त्याने यकृत समजावून सांगितलं.

त्यानंतर दोघं रोज जेवण झालं की चालायला जाऊ लागले. आई पुढे, मामा मागे, आणि वाद दोघांच्या मधोमध. उद्यानाच्या फाटकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. भांडताना पाय आपोआप लवकर उचलतात, असा मामाचा शोध. जिभेचाही हिशेब त्याने मिटवला: जॅमची बाटली स्वतः उचलून शेजारी देऊन आला, आणि मग आठवडाभर शेजारी गप्पा मारायला जात राहिला. तेही आईने ओळखलं आणि सोडून दिलं. तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा आईची साखर चांगली खाली आली होती आणि मामाची एक गोळी अर्धी झाली. डॉक्टरीणबाई रिपोर्ट वाचत होत्या तेव्हा दोघं एकमेकांचे आकडे वाकून वाकून बघत होते, परीक्षेच्या निकालासारखे.

"तुम्ही दोघं माझ्या पेशंटांशी बोलाल का?" बाईंनी विचारलं. "शनिवारी दुपारी मी काही जणांना जमवते. मी समजावते तेव्हा ते झोपतात."

दवाखान्यामागच्या सभागृहात तीस-चाळीस माणसं होती. आई आणि मामा पुढे दोन खुर्च्यांवर बसले. आईने नव्याने इस्त्री केलेले कपडे घातले होते, मामाने नखांतला गोंद घासून घासून काढला होता. आईने सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला मामाने दुरुस्ती केली. तिने त्याच्या दुरुस्तीची दुरुस्ती केली. मग घंटीची गोष्ट निघाली, ती दोघं एकदम सांगू लागले, दोघांच्या गोष्टी वेगळ्या निघाल्या, आणि सभागृह हसण्याने दणाणलं. डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून डोळे पुसत होत्या. मध्येच कुठेतरी लिव्हर, इन्शुलिन आणि पाळी हे सगळं सांगून झालं होतं आणि कोणालाही ते अवघड वाटलं नव्हतं.

हसणं ओसरल्यावर मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. आईच्याच वयाच्या. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

"मी रात्री जेवतच नाही," त्या म्हणाल्या. "तरी सकाळी वाढलेलीच असते. घरी म्हणतात, मी लपून खाते."

"कोण म्हणतं घरी?" आईने विचारलं.

बाईंनी शेजारी बसलेल्या गृहस्थांकडे पाहिलं. गृहस्थांनी आपल्या बुटांकडे पाहिलं.

आई खुर्चीवरून उठली. खुर्च्यांच्या रांगांमधून वाट काढत ती थेट मागे गेली. "अहो, जरा पलीकडे सरका," ती त्या गृहस्थांना म्हणाली, आणि दोघांच्या मध्ये जागा करून बसली. बाईंचा हात तिने हातात घेतला, तोंड मात्र गृहस्थांकडे केलं, आणि बोलायला लागली. काय बोलत होती ते पुढे ऐकू येत नव्हतं. गृहस्थ मान डोलवत होते, आधी नाइलाजाने, मग जरा मनापासून. थोड्या वेळाने त्या बाई हसल्या आणि त्यांनी पर्स खाली ठेवली.

पुढे मामा एकटाच उरला होता. रिकाम्या खुर्चीकडे एकदा बघून त्याने ती ओढून त्यावर पाय टेकवले.

"आता तासभर ती काही परत येत नाही," तो लोकांना म्हणाला. "तोवर काय विचारायचं ते मला विचारा. या आजारात मी तिच्याहून जुना माणूस आहे."

तीन-चार हात वर झाले.